लोकसेवा कीं व्यापार?

सरकारनें अनुदानें कमी करावीं आणि आपल्या हातांतील लोकोपयोगी संस्था खाजगी मालकांच्या स्वाधीन कराव्या, असें मत 1991 सालच्या आर्थिक धोरणानंतर आपल्या सुशिक्षित वर्गांत चांगलेंच रुजलें आहे. हा विषय निघाला म्हणजे घरच्या बैठकींतदेखील तत्काळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "सरकारचें काम राज्य चालविण्याचें, गाड्या हांकण्याचें नव्हे." दुसरा म्हणतो, "खाजगीकरण म्हणजे गरिबाच्या तोंडचा घांस काढणें." दोन्ही वाक्यें टाळ्या घेणारीं आहेत, परंतु टाळ्यांनीं प्रश्न सुटत नसतो. म्हणून या दोन्ही मतांची शांतपणें छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खाजगीकरणाच्या कैवाऱ्यांची बाजू घेऊं. ती पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. टेलिफोनसाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहिल्याची आठवण ज्या घरांत आहे, तेथें स्पर्धेचें माहात्म्य सांगावयास नको. 1995 सालीं आपल्याकडे मोबाइल टेलिफोन आला, अनेक कंपन्या पुढें सरसावल्या, आणि एके काळीं श्रीमंतीची खूण असलेली वस्तु भाजीवाल्याच्या हातीं आली. एअर इंडियाचेंही तसेंच. 1953 सालीं राष्ट्राच्या मालकीची झालेली ही कंपनी जानेवारी 2022 मध्यें टाटांकडे परत गेली. मधल्या काळांत तिचा तोटा सरकारी तिजोरीनें वारंवार भरून काढला. ज्यानें विमानांत कधीं पाऊल ठेविलें नाहीं, त्यानें विमानानें जाणाऱ्याचा भार कां वाहावा, या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नाहीं.

परंतु एवढ्या उदाहरणांवरून सरसकट सिद्धान्त काढणें हा तर्कदोष होय. टेलिफोनची एक कंपनी पसंत न पडल्यास ग्राहक दुसरीकडे जाऊं शकतो. गांवाच्या पाण्याच्या नळास, विजेच्या तारेस किंवा रेल्वेच्या रुळास असा दुसरा पर्याय कोठें आहे? तेथें मालक बदलल्यानें मक्तेदारी नाहींशी होत नाहीं. ती अधिकाऱ्याच्या हातांतून व्यापाऱ्याच्या हातांत जाते, इतकेंच.

इंग्लंडचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. तेथील रेल्वे 1948 च्या आरंभीं सरकारनें ताब्यांत घेतली होती; 1993 च्या कायद्यानें ती पुन्हा खाजगी मालकांकडे सोपविण्यांत आली. रूळ व स्थानकें एका कंपनीकडे आणि गाड्या अनेक निराळ्या कंपन्यांकडे अशी वाटणी झाली. पुढें प्रवाशांची संख्या पुष्कळ वाढली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ऑक्टोबर 2000 मध्यें हॅटफील्डजवळ रूळ तुटून गाडी घसरली व चार जण मृत्युमुखीं पडले. रुळास भेगा पडल्याचें आधीं ठाऊक असून तो बदलण्याचें काम लांबणीवर पडलें होतें. वर्षभरानें रुळांची मालक रेलट्रॅक कंपनी प्रशासकाच्या ताब्यांत गेली आणि 2002 सालीं तिची जागा भागधारकांस नफा न वांटणाऱ्या संस्थेनें घेतली. 2024 च्या कायद्यानें आतां गाड्याही क्रमाक्रमानें सरकारकडे परत येत आहेत. या सर्व काळांत सरकारी तिजोरींतून रेल्वेकडे वाहणारा पैसा कांहीं थांबला नाहीं.

इतकें दूर तरी कशाला जावें? आपल्या गुहागर तालुक्यांतील दाभोळचा वीजप्रकल्प आठवावा. वीज घेवो अथवा न घेवो, राज्य वीज मंडळानें ठराविक आकार भरलाच पाहिजे, असा तो करार होता. 1999 सालीं वीज मिळूं लागली आणि 2001 सालीं ती घेणें मंडळास परवडेनासें झालें. त्याच वर्षाअखेरीस एन्रॉन बुडाली, आणि 2005 सालीं तो प्रकल्प उभा करण्यास सरकारी कंपन्यांसच पुढें यावें लागलें. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक, अशा व्यवहारास खाजगीकरण म्हणणें हा त्या शब्दाचाही अपमान होय.

आतां एस. टी. कडे वळूं. 1 जून 1948 रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान तिची पहिली गाडी धांवली. आज तिचा तोटा दाखवून ती मोडीत काढण्याची भाषा बोलली जाते. पश्चिम महाराष्ट्रांत जिला ‘वडाप’ म्हणतात ती जीप भरल्यावर सुटते, एस. टी. वेळ झाली म्हणजे सुटते, मग तींत पांच माणसें असोत कीं पन्नास. जमाखर्चाच्या वहींत ज्यास तोटा म्हणतात, त्याचा बराचसा भाग या अर्धवट रिकाम्या फेरीचा असतो. परंतु आडगांवची मुलगी पास घेऊन तालुक्याच्या शाळेंत जाते आणि अंधार पडण्यापूर्वीं घरीं पोंचते, ती याच फेरीच्या भरंवशावर. 2021–22 च्या संपांत गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या, तेव्हां शहरांतील माणसाचें भाडें वाढलें. तिची शाळाच अंतरली. ही फेरी कोणताही व्यापारी आपखुशीनें चालविणार नाहीं, आणि त्याबद्दल त्यास दोषही देतां येणार नाहीं. समाजास हितकर पण व्यक्तीस न परवडणारीं कामें राज्यानें करावीं, असें खुल्या व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ यानेंच 1776 सालीं सांगून ठेविलें आहे.

याचा अर्थ दुसऱ्या पक्षाचें सर्व कांहीं बरोबर असा नव्हे. गळकीं छपरें, घाणेरडीं स्थानकें आणि वाटेंत बंद पडणाऱ्या गाड्या यांस लोकसेवेच्या नांवाखालीं पांघरूण घालतां येणार नाहीं. सवलतींचेंही तसेंच. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस मोफत आणि मार्च 2023 पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत प्रवास मिळूं लागला. आमच्या घरच्या स्त्रियाही अर्ध्या भाड्यानेंच जातात. पुरें भाडें देण्याची आमची ऐपत नाहीं, असें मात्र आम्हांस म्हणवणार नाहीं. घोषणा मंत्र्यानें करावी आणि तोटा महामंडळाच्या नांवें दिसावा, हा हिशेब सरळ नव्हे. सवलत ज्यानें दिली त्यानें तिचें मोल अंदाजपत्रकांत उघड मांडावें व वेळेवर चुकतें करावें.

शेवटीं आमच्याच वर्गाविषयीं एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. शेतकऱ्यास खतावर मिळतें तें अनुदान, आणि आपल्यास गृहकर्जाच्या व्याजावर आयकरांत मिळते ती सूट, असा भेद आपण सहज करितों. अनुदानित महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आमचें वेतनही सरकारी अनुदानांतूनच येतें, आणि आमच्या हाताखालून गेलेल्या कित्येकांनीं अल्प शुल्कांत पदवी मिळविली. तेव्हां अनुदान म्हटलें कीं नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं. जेथें ग्राहकास खरी निवड आहे तेथून सरकारनें खुशाल बाजूस व्हावें. जेथें ती नाहीं, तेथें तोट्याचा आंकडा पुढें करण्यापूर्वीं, ती फेरी बंद झाल्यावर पायीं कोण चालणार, एवढें तरी विचारून घ्यावें.