प्रवाळ पाहायला कुठे जावे? – पर्यटन-पुस्तिकांचे परीक्षण

उष्ण कटिबंधातील बेटांवर स्नॉर्कल लावून किंवा स्कूबाच्या साहाय्याने प्रवाळ पाहू इच्छिणाऱ्यांसाठी ज्या पुस्तिका छापल्या जातात, त्यांचा साचा ठरलेला असतो. स्फटिकासारखे पाणी, तीस मीटरपर्यंतची दृश्यता, रंगांची उधळण, आणि शेवटी चार किंवा पाच तारे. लक्षद्वीपविषयीच्या पुस्तिका याला अपवाद नाहीत. त्यांतील मजकूर खोटा असतो असे नाही; पण ज्यावरून जागा निवडावी ते नेमके त्यात नसते.

दृश्यतेचेच घ्या. पाणी नितळ आहे याचा अर्थ त्यात पोषकद्रव्ये आणि तरंगते जीव कमी आहेत, एवढाच. अशा पाण्यात प्रवाळ जगतात, कारण त्यांच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यांना पुरवतात. पण प्रवाळ मेले म्हणून पाणी लगेच गढूळ होत नाही. मृत भित्तीवरही तीस मीटर स्वच्छ दिसू शकते. माशांची साक्षही कच्चीच. प्रवाळांचे चुन्याचे सांगाडे मृत्यूनंतर काही वर्षे उभे राहतात, आणि तोवर बरेच मासे तेथे आसरा घेतात. रंगांची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा सुमारे एक अंशाने अधिक, असे काही आठवडे राहिले, की प्रवाळ शैवाले गमावतात व पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. परंतु काही प्रवाळ या अवस्थेत पांढरे न दिसता निळे-जांभळे झळाळू लागतात! मुखपृष्ठासाठी याहून देखणे छायाचित्र मिळणार नाही.

आता बेटाची रचना पाहू. लक्षद्वीपमधील बहुतेक वस्तीची बेटे कंकणद्वीपाच्या पूर्व कडेवर आहेत आणि खाजण पश्चिमेस. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा पश्चिमेच्या भित्तीवर आदळतात. १९९८ च्या विरंजनानंतर याच पश्चिमेच्या भित्ती आडोशाच्या पूर्वेकडील भित्तींपेक्षा लवकर सावरल्या. मग संपूर्ण बेटाला मिळून पाच तारे, याला अर्थ काय? पुढे २०१० आणि २०१६ मध्येही समुद्र तापला. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथे १९९८ पासून केलेल्या दीर्घ निरीक्षणांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेले आढळले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची तेथील स्नॉर्कलिंगची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि पर्यटकांचे कुतूहल एकदम वाढले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपमध्ये मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे नोंदवले. जानेवारीतील वर्णन जूनमध्ये शिळे झाले होते.

म्हणून वर्णनाखाली महिना, वर्ष, बेटाची बाजू व खोली छापावी, ही माझी पहिली अपेक्षा आहे. चार शब्दांची जागा लागते, आणि एवढे ज्या पुस्तिकेत असेल तिच्यावर मी विश्वास ठेवीन.

नवशिक्यांनी खाजणातच उतरावे, हा पुस्तिकांमधला सल्ला मात्र योग्य आहे. तेथे लाटा कमी, तळ उथळ व वाळूचा. त्यात फक्त एवढी भर हवी, की ओहोटीच्या वेळी खाजणातले पाणी भित्तीतील खिंडारांतून जोराने बाहेर ओढले जाते. ती खिंडारे कोठे आहेत व ओहोटी केव्हा लागते, हे पाण्यात उतरण्यापूर्वी तेथल्या होडीवाल्याला विचारून घ्यावे.