पामेला रोझला मारलं कुणी, आणि ही माणसं असं का बोलतात?

‘विडंबनावर पीएचडी म्हणजे नुसते सिनेमे बघत हसायचं ना?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आज एका सिनेमावरच उत्तर देते. आधीच कबूल करते, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फारसं हसू आलं नव्हतं.

सिनेमा फ्रेंच आहे, २००३ चा. नावाचा अर्थ ‘पण पामेला रोझला मारलं कुणी?’ दिग्दर्शक एरिक लार्तिगो, मुख्य भूमिकांत काद मेराद आणि ऑलिव्हिए बारू ही विनोदी जोडी. बॉर्न्सव्हिल नावाच्या काल्पनिक अमेरिकन गावात एका स्ट्रिपरचा खून होतो आणि एफबीआयचे दोन एजंट तपासाला येतात, बुलिट आणि रायपर. स्वभाव अर्थातच एकमेकांच्या विरुद्ध. ‘ट्विन पीक्स’ पाहिलं असेल तर लॉरा पामर आठवेलच, आणि बुलिट या नावामागचा स्टीव्ह मॅक्वीनही.

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की फ्रेंच लोक इथे अमेरिकन पोलिसी मालिकांना हसतात. गाइडने समासात एवढंच लिहिलं: ‘ही माणसं कुठली फ्रेंच बोलतात?’

मग मी सिनेमा परत लावला आणि बराचसा डोळे मिटून ऐकला. तेव्हा कळलं. ती रस्त्यावरची फ्रेंच नाहीच, डबिंगची आहे!

जरा समजावून सांगते. फ्रान्समध्ये अमेरिकन मालिका पिढ्यान्‌पिढ्या टीव्हीवर डब होऊनच पाहिल्या गेल्या. डबिंग स्टुडिओत चित्राखाली एक पट्टी सरकत असते, तिच्यावर संवाद लिहिलेला. अक्षरं उभ्या रेघेपाशी आली की नटाने ती म्हणायची. पडद्यावर ओठ मिटले तर शब्दातही प, ब, म शोधायचा. शिवाय इंग्रजीत एकच ‘यू’, फ्रेंचमध्ये आपल्यासारखे तू आणि तुम्ही वेगळे. मग दोन पोलीस अरे-तुरेवर नेमके कधी येणार, हे अनुवादक ठरवतो. अशा ओढाताणीतून एक वेगळीच बोली तयार झाली. ‘बों सां’ हा उद्गार घ्या. पॅरिसच्या मेट्रोत तो क्वचितच कानावर येतो, डब केलेल्या डिटेक्टिव्हच्या तोंडी मात्र सतत.

म्हणून माझं म्हणणं असं की या सिनेमाची थट्टा अमेरिकेवर नाही. लहानपणी घरच्या टीव्हीवर जी अमेरिका फ्रेंच बोलायची, तिच्यावर आहे. नट फ्रेंच, भाषा त्यांची स्वतःची, तरी सूर असा की जणू मूळ आवाज कुणीतरी पुसून टाकलाय.

ही कल्पना या सिनेमाच्या आधीचीच. १९९३ मध्ये मिशेल हाझानाव्हिसियस (पुढे ‘द आर्टिस्ट’वाला) आणि दोमिनिक मेझरेत यांनी कानाल प्लूस वाहिनीसाठी ‘ला क्लास आमेरिकेन’ केला. वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या सिनेमांचे तुकडे जोडले आणि वर नवे अचाट संवाद चढवले. गंमत म्हणजे जॉन वेनला आवाज दिला रेमों लोआये यांनी, म्हणजे वेनला आधीही फ्रेंच आवाज देणाऱ्यानेच. तो सिनेमा जास्त धारदार आहे, हे मान्यच करावं लागेल. ‘पामेला रोझ’ मधूनमधून स्वतःची युक्ती विसरतो आणि नुसत्या माकडचेष्टांवर उतरतो. आणि पामेला? साऱ्या रूढींची टर उडवणाऱ्या सिनेमाला एक बाई मरून पडलेली लागतेच, तिची टर उडवायचं सुचत नाही.

पण मला पहिल्यांदा हसू का आलं नाही? माझ्या प्रतीवर इंग्रजी सबटायटल्स होती. डबिंगची खोटी फ्रेंच इंग्रजीत गेली की साध्या अमेरिकन पोलिसांची खरी इंग्रजी होते. विनोद पुसला जातो, उरते बऱ्यापैकी रटाळ चौकशी.

मराठी प्रेक्षकासाठी हा सिनेमा करायचा झाला तर मी संवाद मराठीत करणारच नाही. हॉलिवूडपट हिंदीत डब होतात ना, त्या हिंदीत करीन. त्या हिंदीतले पोलीस कसे बोलतात, तुम्हाला ठाऊक आहे. गाइडला हे पटलेलं नाही. पुढच्या मीटिंगला दोन सीन असे करून ऐकवणार आहे.