कचेरीतला निवांत विनोद

कचेरीतला माणूस आठही तास काम करतो यावर त्याच्या साहेबाचाही विश्वास नसतो. पूर्वी मधला वेळ चहाच्या टपरीवर किंवा शेजारच्या टेबलाशी चकाट्या पिटण्यात जायचा, आता तो संगणकाच्या पडद्यावर जातो. तिथल्या गमतीच्या संकेतस्थळांची समीक्षक सहसा दखल घेत नाहीत. मला मात्र त्यांपैकी काही विनोदाच्या कसोटीला लावून पाहण्याजोगी वाटतात.

'झॉम्बो डॉट कॉम' १९९९ साली निघाले. ते उघडले की रंगीत ठिपके गोल फिरू लागतात आणि एक भारदस्त आवाज आपले स्वागत करतो. इथे सारे काही शक्य आहे, असे तो सांगतच राहतो. पुढे काही म्हणजे काही घडत नाही. त्या काळच्या संकेतस्थळांच्या दिमाखदार प्रवेशपानांची ही थट्टा. निवडणुकीची भाषणे ऐकलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

'पॉइंटर पॉइंटर'वर माउसचा बाण कुठेही थांबवा, नेमके त्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या माणसाचे छायाचित्र समोर येते. याला भाषाच लागत नाही. आमच्या सीमाभागातल्या कचेरीत मराठी आणि कानडी टेबले त्याला एकाच वेळी हसू शकतात, हे थोडेथोडके नव्हे. पण ही गंमत दाखवावी लागते, सांगता येत नाही. संध्याकाळी घरी नेण्यासारखे तीत काही उरत नाही.

रँडल मनरो यांची 'एक्सकेसीडी' ही २००५ पासूनची व्यंगचित्रमालिका या दोहोंहून सरस आहे. माणसे काड्यांची, पण निरीक्षण अस्सल. २००७ मधल्या एका चित्रात दोन प्रोग्रामर खुर्च्यांवर चढून तलवारबाजी करताहेत. साहेब दटावतो. प्रोग्राम कंपाइल होतो आहे, एवढेच उत्तर मिळते आणि साहेब निमूट परवानगी देतो. यंत्राला वेळ लागतो म्हणून माणसाला सवड मिळाली! कामातूनच उगवलेला हा विनोद आहे, वेळ घालवण्यासाठी वरून चिकटवलेला नाही. चित्रावर बाण ठेवला की एक जादा वाक्य दिसते. एकाच चित्राला दुसऱ्यांदा हसण्याची ती सोय.

मात्र हे सारे इंग्रजी. कचेरीचा कागद कानडीत, पडद्यावरचे हसू इंग्रजीत, मग मराठीच्या वाट्याला काय? घरातली बोलणी आणि श्राद्धाची यादी? ज्या भाषेत माणूस रिकामपणी हसत नाही, ती त्याच्या मुलांना फार काळ पुरत नाही, असे मला वाटते.

बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ जन्माला घातले ते महाराष्ट्राबाहेर राहूनच. परमुलखातल्या मराठी घराला विनोद परका नव्हता. आज आपल्या कचेऱ्यांत तीन भाषांची रोज सरमिसळ होते, अर्ज एका भाषेत आणि शेरा दुसरीत पडतो. एवढा कच्चा माल मनरोंच्याही हाताशी नसेल. आपल्यापैकी कोणीतरी त्या काड्यांच्या माणसांना मराठी बोलायला लावावे, एवढीच या वाचकाची मागणी आहे.