दोन विजेते, चषक एक

कॉमर्सचा पदवीधर एकदा बँकेत चिकटला, की त्याची नजर कायमची बिघडते. लोक ताजमहालासमोर उभे राहून प्रेमाबद्दल बोलतात. आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा खर्च कुठल्या खात्यावर टाकला असेल? याच नजरेने परवा मी रोव्हर्स कपच्या विजेत्यांची यादी वाचायला घेतली आणि १९७२ सालापाशी ताळा बसेना.

रोव्हर्स म्हणजे मुंबईची, बाद पद्धतीची मानाची फुटबॉल स्पर्धा. १८९१ साली सुरू झाली, २०००-०१ नंतर बंद पडली. देशभरातले संघ कूपरेजवर यायचे. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. भारतीय संघाच्या हाती तो पडायला १९३७ साल उजाडावं लागलं. तो मान बंगलोर मुस्लिम्सचा. पुढे हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं चषक आपल्या ताब्यात ठेवला. पोलिसांकडे गेलेला माल लवकर परत मिळत नाही, हा नियम फुटबॉललाही लागू असावा.

आता बाद पद्धत म्हणजे काय? हरलात की बिस्तरा बांधा आणि गाडी पकडा. शेवटी एकच उरतो. पण १९७२ च्या रकान्यात नावं दोन आहेत : मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. संयुक्त विजेते!

आमच्या दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक जमेला कुठे तरी नावे टाकावं लागतं. इथे दोन जमा आणि नावे शून्य! असली खतावणी घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो, तर रात्रीचे दहा वाजले तरी घरी सोडणार नाहीत.

बरं, सामना काय ऐरागैरा होता? ईस्ट बंगालने त्या हंगामात कलकत्ता लीग जिंकली होती ती एकही गोल न खाता. पी. के. बॅनर्जी नव्याने प्रशिक्षक झालेले. आय.एफ.ए. शील्ड त्यांचं, ड्युरँड त्यांचा. रोव्हर्स मिळाला की तिहेरी मुकुट. समोर मोहन बागान. त्यांनी १९७० आणि १९७१ चे रोव्हर्स जिंकलेले. हा मिळाला की हॅट्‌ट्रिक. एकाचा मुकुट आणि दुसऱ्याची हॅट्‌ट्रिक, दोन्ही एकाच दिव्याला टांगलेली. आणि निवाडा काय झाला? दोघांनाही द्या! आज मुकुटही इतिहासात जमा आहे आणि हॅट्‌ट्रिकही. फक्त दोन्हींना ‘संयुक्त’ या शब्दाचा पोचा आलेला आहे.

उपाय नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. बरोबरी फोडायला पेनल्टी मारण्याची पद्धत १९७० सालीच नियमांत आली होती. तीही नको असेल तर इंग्लंडकडे बघा. १९७१ साली एफ.ए. कपच्या पात्रता फेरीत अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी या दोन चिमुकल्या संघांत बरोबरी सुटेना. पठ्ठ्यांनी एकूण सहा सामने खेळले! अकरा तासांनंतर अल्व्हचर्च एका गोलने सुटलं. साधी पात्रता फेरी. पण ‘जाऊ द्या हो, दोघंही पुढे या’ असं कुणी म्हणालं नाही.

आपल्याकडे मात्र गोडी लागली. १९७७ साली फेडरेशन कप सुरू झाला. पहिल्या वर्षी बंगलोरच्या आय.टी.आय. संघाने तो रीतसर जिंकला. दुसऱ्याच वर्षी कोइमतूरला विजेते कोण? ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. १९८० साली कलकत्त्याला? पुन्हा तेच दोघे. जॉइंट अकाउंटचं नूतनीकरण!

“अहो, दोघंही जिंकले तर तुमचं काय गेलं?” आमच्या सौ.नी विचारलं. “कुणी रडलं नाही, हे चांगलंच झालं की!”

प्रश्न बिनतोड. त्याचं उत्तर मला आमच्या खडकवासल्यातच दिसतं. रविवारी सगळं पुणं धरणावर कणसं आणि भजी खायला लोटतं, तेव्हा गावातली पोरं मोकळ्या जागेत फुटबॉल खेळत असतात. रेफ्री नाही, घड्याळ नाही, गोलाचे खांब म्हणजे चपला. अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला आणि बरोबरी असली, की कुणी तरी ओरडतं, “लास्ट गोल!” पुढचा गोल करील तो जिंकला. त्या पाच मिनिटांत पोरं जशी धावतात, तशी तासभर धावलेली नसतात. मागे एकदा एक गोलकीपर असा हरला आणि चपला हातात घेऊन, डोळे पुसत घरी गेला. पुढच्या रविवारी पाहतो तर सगळ्यांच्या अर्धा तास आधी येऊन, एकटाच भिंतीवर चेंडू मारून अडवत होता.

त्याला त्या दिवशी कुणी संयुक्त विजेता केला असता, तर रडू वाचलं असतं. तो अर्धा तासही वाचला असता. सौ.ना द्यायचं उत्तर हेच : हरणाऱ्याला हरू दिलं नाही, तर त्याचा पुढचा रविवार आपण काढून घेतो. आणि जिंकणाऱ्याच्या हातात उरतं ते अर्ध्या चषकाचं भांडं.

तेव्हा संयुक्त खातं काढायचंच असेल, तर ते नवरा-बायकोनं काढावं. तिथे हरणारा कोण, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं.