‘मातृभाषेचा प्रभाव’ : निदान की ठपका?
वर्धा जिल्ह्यातील इंग्रजी उच्चारांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन इंग्रजीच्या अध्यापनात ‘मातृभाषेचा प्रभाव’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, असे आता कोणी विचारीत नाही. तोंडी परीक्षेत, मुलाखतीत किंवा स्पोकन इंग्लिशच्या वर्गात विद्यार्थ्याचा उच्चार खटकला की हे शब्द उच्चारले जातात आणि चर्चा तेथेच संपते. भाषाविज्ञानाने वर्णनासाठी घडविलेली ही संज्ञा वर्गात येताना दोषारोपाचे रूप घेते. वर्धा जिल्ह्यासारख्या बहुभाषिक प्रदेशात ही संज्ञा कितपत उपयोगी पडते, तिच्या पोटात कोणत्या भिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या आहेत आणि शिक्षकाने त्यांतील काय सुधारावे व काय सोडून द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

परभाषेचे ध्वनी आपण स्वभाषेच्या चाळणीतून ऐकतो, हे निकोलाय त्रुबेत्स्कोय यांचे प्रतिपादन १९३९ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आले. युरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषासंपर्काच्या अभ्यासात या प्रक्रियेची पद्धतशीर मांडणी केली. ही चर्चा मराठी अभ्यासकांना परकी नव्हती. ज्येष्ठ भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर यांचा ‘मराठी इंग्रजी’ या विषयावरील इंग्रजी लेख ‘वर्ड’ या नियतकालिकात १९५७ साली प्रसिद्ध झाला. परकीय उच्चारलकबीचा अभ्यास असेच त्याचे स्वरूप त्याच्या शीर्षकात सांगितले आहे. ‘मराठी इंग्रजी’ असे स्वतंत्र नाव देण्यातच एक भूमिका दडलेली आहे. ज्याला नाव देता येते त्याला व्यवस्था असते, आणि ज्याला व्यवस्था असते त्याला केवळ चुकांची यादी म्हणता येत नाही.

ही व्यवस्था एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्रजीतील ‘टी’ या अक्षराचा ध्वनी आपल्या ‘त’सारखा दंत्य नाही आणि ‘ट’सारखा मूर्धन्यही नाही. तो हिरडीवर उच्चारला जातो. मराठी कान त्याला ‘ट’च्या खणात टाकतो. ‘थिन’ या शब्दाचा आरंभीचा घर्षक मराठीत नाही. तो ‘थ’च्या खणात जातो. परिणामी मराठी भाषकाच्या इंग्रजीत ‘टीम’ आणि ‘थीम’ हे शब्द वेगळेच राहतात. ध्वनी बदलले, पण भेद टिकला. याउलट इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे दोन ध्वनी मराठीच्या एकाच ‘व’मध्ये विलीन होतात. त्यामुळे पश्चिम दिशेचा ‘वेस्ट’ आणि अंगात घालायचा ‘वेस्ट’ एकसारखे ऐकू येतात. येथे भेदच नाहीसा झाला. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचीही तीच गत होते. कारण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिले जात असले तरी उच्चारात इकार-उकारांची लांबी बहुधा शब्दातील स्थानावर ठरते. म्हणूनच संस्कृत ‘कवि’ मराठीत ‘कवी’ होतो. जेथे ध्वनी बदलला पण भेद राहिला आणि जेथे भेदच पुसला गेला, त्या दोन प्रकारांना एकाच मापाने मोजणे हा प्रचलित दृष्टिकोनाचा पहिला दोष होय.

लिपीचा वाटा

मातृभाषेच्या माथी मारल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी प्रत्यक्षात लेखनातून आलेल्या असतात. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘पी’ हलक्या श्वासासह उच्चारला जातो. मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण असा भेद अगदी मूलभूत आहे. तेव्हा श्वास सोडण्याची क्षमता मराठी भाषकाला पुरेपूर आहे. तरीही तो ‘पेन’मधला ‘प’ श्वासाविना उच्चारतो, कारण ‘पी म्हणजे प’ हे समीकरण त्याने शाळेत पाठ केलेले असते. ‘प्लंबर’ या शब्दातील मूक ‘बी’चा उच्चार, किंवा ‘वॉक्ड’मधील शेवटच्या ‘ट’ऐवजी येणारा ‘ड’, हेही डोळ्यांनी शिकलेले इंग्रजी आहे. त्यात मराठीचा दोष काहीच नाही.

आघाताचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’ आणि ‘फोटोग्राफिक’ या तीन शब्दांत इंग्रजीतला आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अवयवावर सरकतो. मराठीत शब्दाचा अर्थ आघाताच्या जागेवर अवलंबून नसतो. देवनागरीत तो दाखविण्याची सोय नाही आणि देवनागरीत इंग्रजी उच्चार देणारा शब्दकोशही सहसा तो सांगत नाही. विद्यार्थी प्रत्येक अवयवाला सारखेच वजन देतो, यात नवल ते काय?

त्याच वेळी इंग्रजीनेही मराठीला बदलले आहे, हे विसरता कामा नये. एके काळी ‘ब्यांक’, ‘डाक्टर’, ‘हापीस’ असे उच्चार सर्रास ऐकू येत. पुढे ‘बँक’, ‘डॉक्टर’, ‘ऑफिस’ रुळले. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान दिले. ‘फळ’ हा शब्दही आज अनेक तरुण ‘फोन’मधल्या दंतोष्ठ्य ‘फ’ने उच्चारतात. ज्या मातृभाषेला आपण स्थिर साचा समजतो, ती स्वतःच प्रवाही आहे.

बोली आणि प्रतिष्ठा

आता वर्धा जिल्ह्याकडे वळू. क्रमिक पुस्तकांतून ‘मराठी भाषकांच्या अडचणी’ सांगितल्या जातात, तेव्हा डोळ्यांसमोर प्रमाण मराठी असते. आर्वी, देवळी किंवा हिंगणघाटकडून येणाऱ्या विद्यार्थ्याची घरची भाषा मात्र वऱ्हाडी-नागपुरी वळणाची असते. तेथे ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडातही वऱ्हाडीच्या वर्णनात शब्दारंभीचा ‘व’ इकार-एकारापूर्वी पुसट होतो किंवा गळतो, असे नोंदविले आहे. ‘वीस’चे ‘ईस’, ‘वेळ’चे ‘येळ’ ही त्याची उदाहरणे.

या विद्यार्थ्याला मराठीच्या तासाला ‘न’ आणि ‘य’साठी हिणविले जाते. ओशाळलेपणाची हीच सवय घेऊन तो इंग्रजीच्या तासाला बसतो. परंतु इंग्रजीत मुळात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. ज्या दोन लकबींमुळे त्याला गावंढळ ठरविले गेले, त्यांचा इंग्रजी उच्चाराशी काडीचाही संबंध नाही. ‘व’च्या बाबतीत मात्र शिक्षकाने कान उघडा ठेवावा, ‘विंडो’ किंवा ‘विंटर’ असे शब्द बोलीच्या सवयीने प्रभावित होण्याची शक्यता येथे खरोखरच आहे. बोलीचे ज्ञान असलेला शिक्षक हा फरक ओळखतो. ज्याला बोली म्हणजे केवळ अशुद्ध भाषा वाटते, त्याला तो ओळखता येत नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ऐकू येणारा ‘यष्टी’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. राज्य परिवहनाच्या बसला मिळालेले हे नाव विनोदाचा विषय झाले आहे. पण त्यात ध्वनिनियमांचे काटेकोर पालन दिसते. आरंभीच्या ‘ए’ला य-श्रुती लागली, जशी ती बोलीतल्या ‘येक’मध्ये लागते. ‘टी’ मूर्धन्य झाला, आणि त्याच्या सान्निध्याने ‘स’चा ‘ष’ झाला, जसा तो ‘कष्ट’, ‘दुष्ट’ या शब्दांत आपल्याला परिचित आहे. ‘यष्टी’ म्हणणारा प्रवासी अडाणी ठरत नाही. तो आपल्या भाषेचे व्याकरण नकळत पण अचूक पाळीत असतो.

कोणाची मातृभाषा?

याही पुढचा प्रश्न असा की, मातृभाषा म्हणजे मराठीच, हे गृहीत तरी खरे आहे काय? द्राविडी भाषांचे अभ्यासक मरे एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. जगातील भाषावैज्ञानिकांना कोलामीचा परिचय करून देणाऱ्या या ग्रंथाचा मुख्य आधार वर्धा जिल्ह्यातील बोली होती. द्राविडी भाषांच्या मूळ ध्वनिव्यवस्थेत महाप्राण व्यंजने नाहीत. ती संपर्कातून येतात. ज्या कोलाम विद्यार्थ्याच्या घरी आजही कोलामी बोलली जाते, त्याच्यासाठी मराठीचा ‘थ’ हाच प्रथम शिकण्याचा ध्वनी होय आणि इंग्रजी ही तिसरी पायरी. ‘थीम’चा आरंभ तो ‘त’ने करील, तर त्याचे स्पष्टीकरण ‘मराठी भाषकांच्या अडचणीं’च्या यादीत सापडणार नाही.

वर्धा हे हिंदीचेही मोठे केंद्र आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे १९३६ साली स्थापन झाली आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून येथे आहे. त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या विद्यार्थ्याचे ‘इस्कूल’ आणि ग्रामीण मराठीतले ‘ठेसन’ एकाच गावात ऐकू येतात. दोहोंची अडचण एकच : शब्दारंभीचे जोडाक्षर. एकाने आधी स्वर जोडला, तर दुसऱ्याने ‘स’ टाकून ‘ट’ला महाप्राण केले. एकाच कुलुपाला दोन भाषांनी दोन किल्ल्या लावल्या. या सर्वांना एकच उपचार लागू पडेल, हे संभवत नाही.

काय सुधारावे?

येथे आकलनसुलभता हाच निकष स्वीकारावा लागेल. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील रा. कृ. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत समजते, हे तपासले आणि चुकीच्या आघाताकडे विशेष लक्ष वेधले. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली आंतरराष्ट्रीय संवादासाठी आवश्यक ध्वनिभेदांचा गाभा सुचविला. ‘थ’सदृश घर्षक त्यांनी अनावश्यक ठरविले, स्वरांची लांबी, शब्दारंभीची जोडव्यंजने, आरंभीच्या ‘पी-टी-के’चा श्वास आणि वाक्यातील मुख्य आघात यांना मात्र महत्त्व दिले. शब्दाघाताच्या बाबतीत त्यांचा बन्सल यांच्याशी मेळ बसत नाही, कारण तो वर्गात शिकविणे दुष्कर असल्याचे त्या मानतात. प्रस्तुत लेखकाला आपल्या विद्यार्थ्यांपुरते बन्सल यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. जेथे श्रोता भारतीय आणि वक्ताही भारतीय, तेथे आघात दुय्यम ठरेल. परंतु संशोधन परिषदेत किंवा दूरध्वनीवर परदेशी श्रोत्याशी बोलताना शब्द ओळखण्याचा आधारच आघात असतो.

आपल्या वर्गांत मात्र बहुतेक वेळ ‘थ’ आणि ‘ट’ घासून साहेबी करण्यात जातो. जे नाही सुधारले तरी चालेल त्याचा आग्रह आणि जे सुधारलेच पाहिजे त्याकडे दुर्लक्ष, अशी ही उलटी गंगा आहे.

समारोप

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे, असा ठराव केला. सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. या दोन निर्णयांना परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. उच्चाराच्या प्रश्नापुरते तरी ते परस्परपूरक ठरू शकतात. विद्यार्थ्याला इंग्रजीचे ध्वनी शिकवायचे असतील, तर त्याच्या तोंडात आधीपासून कोणते ध्वनी आहेत, हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे. त्यासाठी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इंग्रजी, मराठी व हिंदी विभागांनी एकत्र येऊन आपल्याच विद्यार्थ्यांच्या उच्चारांची नोंद तालुकावार व घरच्या भाषेनुसार करावी. खर्च फारसा नाही. ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. अशी नोंद हाती येईपर्यंत ‘मातृभाषेचा प्रभाव’ हा शेरा गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिण्यापूर्वी कोणती मातृभाषा आणि कोणता प्रभाव, एवढे दोन प्रश्न तरी परीक्षकाने स्वतःला विचारावेत.