वोर्म्सचें प्रार्थनामंदिर : जीर्णोद्धार कीं स्मारक?

पडलेली वास्तु पूर्ववत् उभारली कीं तिचा जीर्णोद्धार झाला, असें आपण सहज म्हणतों. जर्मनींतील ऱ्हाईनकांठच्या वोर्म्स गांवच्या यहुदी प्रार्थनामंदिराचा इतिहास पाहिला म्हणजे हा शब्द जपून वापरावा असें वाटूं लागतें.

हें मंदिर प्रथम १०३४ सालीं बांधलें गेलें. थोर भाष्यकार राशी यांनीं तरुणपणीं याच गांवीं अध्ययन केलें. १०९६ त धर्मयुद्धास निघालेल्या जमावांनीं येथील यहुद्यांची कत्तल केली; तरी ११७५ च्या सुमारास नवें मंदिर उभें राहिलें. १३४९ ची कत्तल झाली, १६८९ त फ्रेंच सैन्यानें गांव जाळलें. दोन्ही वेळां मंदिर सांवरलें. कारण प्रत्येक वेळीं तेथें प्रार्थना करणारे कांहीं लोक उरले किंवा परतले, आणि वास्तु त्यांनींच उभी केली. याला जीर्णोद्धार म्हणणें यथार्थ आहे.

१९३८ च्या नोव्हेंबरांत नाझींनीं मंदिर जाळलें. पुढें उरलेल्या भिंतीही पाडण्यांत आल्या. १९६१ त तें जुने दगड शक्य तितके वापरून पुन्हां बांधलें गेलें. गांवचे दप्तरपाल फ्रीडरिश इलर्ट यांनीं अवशेष जपले, ही त्यांची निष्ठा वंदनीय होय. परंतु या वेळीं गांवांत यहुदी समाजच उरला नव्हता. मंदिर बांधलें तें इतरांनीं, आणि तेंही ज्यांच्यासाठीं तें होतें ते नाहींसे झाल्यावर.

तर मग ढिगारा तसाच ठेवावयास हवा होता काय? मला तसें वाटत नाहीं. तसें करणें म्हणजे जाळणाऱ्यांचें काम पुरें करणें झालें असतें. आक्षेप आहे तो निराळा. दुरुस्ती इतकी सफाईदार आहे कीं, कमानींकडे पाहणाऱ्यास मधली आग सहज विसरतां येते.

याच समाजाच्या वापरांतील, १२७२ त लिहिलेलें 'माहझोर' हें प्रार्थनापुस्तकही बचावलें. तें १९५७ त यरुशलेमास गेलें. पुस्तक जेथें वाचणारे होते तेथें पोंचलें. वास्तूला तसें जातां येत नाहीं. २०२१ त युनेस्कोनें तिला श्पायर व माइंत्स येथील यहुदी वास्तूंसह जागतिक वारसा ठरविलें. हा सन्मान उचितच आहे. पण १९६१ ची ही वास्तु जीर्णोद्धार नव्हे, स्मारक आहे, एवढें पाहणाऱ्यानें मनांत बाळगिलें पाहिजे.