दुसऱ्यास वळविण्यापूर्वीं

सरकारी अहवालास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं रसिकांत मतभेद होईल. पण भारत सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणींतील दुसरें प्रकरण वाचनीय आहे, याविषयीं तो होऊं नये. ग्रंथांतला हिशेबी मनुष्य बाजूस ठेवून, आळस, विसर, अनुकरण आणि अभिमान यांच्या अधीन असलेला खराखुरा मनुष्य डोळ्यांपुढें धरून योजना आखाव्या, असा त्याचा आशय आहे. २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड थेलर यांनीं हाच विचार लोकप्रिय केला. सक्ती न करितां मनुष्यास हिताच्या बाजूस अलगद वळविण्याच्या या युक्तीस इंग्रजींत 'नज' म्हणतात.

प्रकरणाची मांडणी स्वच्छ आहे व उदाहरणें घरचीं आहेत. स्वच्छ भारत योजना २०१४ सालीं गांधीजयंतीस सुरू करणें, गांवोगांवच्या सेवकांस 'स्वच्छाग्रही' म्हणणें, यांतलें मर्म लेखकांनीं बरोबर टिपलें आहे. नीति आयोगांत या शास्त्राची स्वतंत्र शाखा असावी आणि प्रत्येक योजनेची आधीं या दृष्टीनें तपासणी व्हावी, या सूचनाही रास्त आहेत.

परंतु येथेंच उणीव दिसते. प्रजेच्या मनाचा एवढा विचार करणारें हें प्रकरण कचेरीच्या मनाकडे फारसें पाहत नाहीं. कारकून आणि ग्रामसेवक हेही सवयीचेच दास नव्हेत काय?

भिवंडीलगतचें राहनाळ घ्या. यंत्रमाग व गोदामें यांच्या आसऱ्यानें या परिसरांत तेलंगणापासून उत्तर प्रदेशापर्यंतचीं माणसें येऊन राहिलीं आहेत. येथील ग्रामपंचायतीनें घरपट्टीची सूचना कोणत्या भाषेंत काढावी? ऋण फेडणें हें सर्व धर्मांनीं कर्तव्य मानिलें आहे, त्याचा करवसुलीस उपयोग करावा, असें पाहणी सुचविते. कल्पना चतुर आहे. पण धर्माची आठवण देणाऱ्या कचेरीची स्वतःची पत हवी. ती नसेल तर लोक म्हणतील, "आमचें ऋण कळलें, तुमचें काय?"

ब्रिटननें २०१० सालीं अशी शाखा काढिली. तिनें निरनिराळ्या मजकुरांचीं करपत्रें निरनिराळ्या लोकांस पाठवून कोणत्या पत्रानें भरणा वाढला, तें मोजून पाहिलें. हेंच राहनाळांत करावयाचें तर ग्रामसेवकास तीन गोष्टी लागतील: मजकूर बदलण्याची मुभा, मोजदादीस वेळ, आणि युक्ति फसल्यास तसें वरिष्ठांस निर्भयपणें लिहिण्याची सोय. यांतली तिसरी सर्वांत दुर्मिळ आहे. आणि तिच्यावांचून शास्त्र म्हणजे केवळ नवें परिपत्रक होय.

महाराष्ट्रास हा धडा नवा नाहीं. २०००-०१ सालीं संत गाडगेबाबांच्या नांवें ग्रामस्वच्छता अभियान निघालें. गांवागांवांतील चढाओढ त्यानें कामीं लाविली. मात्र तपासणीपुरती झाडलोट ही अशा चढाओढीची सदाची भीति. बाबांची रीत निराळी होती. ते गांवांत येत, प्रथम स्वतः झाडू हातीं घेत, आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत.

तो क्रमच त्यांच्या सामर्थ्याचें रहस्य होता. पाहणीकारांनीं कीर्तन उत्तम लिहिलें आहे. झाडूचें प्रकरण लिहावयाचें राहिलें आहे. तें लिहिलें जाईपर्यंत प्रस्तुत प्रकरण प्रत्येक सुजाण नागरिकानें वाचावें, आणि प्रत्येक अधिकाऱ्यानें तें आरशासारखें समोर धरावें.